चार बोटांची मोकळीक

गोष्ट एकोणीसशे सत्त्याण्णव सालची. त्या वर्षी वस्तीच्या मेळाव्यात पहिल्यांदाच चाकाच्या खुर्च्यांवरून बास्केटबॉल खेळायचं ठरलं, आणि शाळेच्या पटांगणावर तात्पुरती फरशी घालायचं काम ताईकडे आलं. धाकटी जेवणाचे डबे घेऊन सकाळीच पोचली. ताई पटांगणाच्या मधोमध गुडघे टेकून बसली होती आणि तिच्याभोवती निळ्या प्लास्टिकच्या लाद्या चारी दिशांना पसरत चालल्या होत्या.

सख्खी बहीण असून धाकटीने हे काम कधी जवळून पाहिलं नव्हतं. ती डबे खाली ठेवायचंच विसरली. फूटभर लादी, दोन बाजूंना कड्या, दोन बाजूंना खुंट्या. ताई लादी जुळवायची, तळहाताने दाबायची, की टक्! आवाज बसका आला तर लगेच लादी उचलायची, खालचा खडा फुंकून टाकायची आणि पुन्हा दाबायची. दीड हजार लाद्यांत एकीचीही गय नाही.

"तुमच्या ताईंना कान आहेत हो," ताईचा मदतनीस लांब्या म्हणाला. "आम्हाला नुसतेच हात."

"हात तरी चालव मग," ताईने मान वर न करता सुनावलं.

पण आज ताईचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि त्याचं कारण धाकटीला ठाऊक होतं. हा धंदा ताई आणि दाजींनी मिळून उभा केला होता. तीन वर्षांपूर्वी दाजी शिडीवरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पडायचं म्हटलं की भिंतीकडे तोंड करायचे. खेळणाऱ्या मंडळींनी पिच्छाच पुरवला, तेव्हा आजच्या सामन्यात खेळायला कसेबसे तयार झाले. पण ताईला बजावलं होतं, "एकदाच येतो. फरशीत चाक अडकून चारचौघांत तोंडावर आपटलो, तर पुन्हा माझं नाव काढायचं नाही."

शेवटच्या ओळी घालताना लांब्या घुटमळला. पटांगणाच्या एका बाजूला भिंत होती, दुसऱ्या बाजूला पायऱ्या. "ताई, कडेला चार बोटं मोकळीक सोडायची ना?"

"आज नको. त्यांचं चाक जाईल त्यात. लाद्या काप आणि पार भिंतीपर्यंत भर."

लांब्याने धाकटीकडे पाहिलं. पण ताईला कोण शिकवणार! त्याने करवत काढली.

बारा वाजले. ऊन चढलं. लाद्या तापल्या, आणि एकाएकी मैदानाच्या मधोमध फरशीने मांजरासारखी पाठ वर काढली. मेळाव्याचे सेक्रेटरी धावत आले. "अहो बाई, दोन तासांवर सामना आलाय! यावर वाळूची पोती तरी ठेवा!"

ताई त्या उंचवट्याशी मटकन बसली. इतकी वर्षं न चुकलेला हात आजच चुकला होता, आणि तेवढ्यात फाटकातून दाजींची खुर्ची आत आली.

दाजींनी फुगवटा पाहिला. भिंतीकडे पाहिलं. पायऱ्यांकडे पाहिलं.

"मोकळीक कुठाय?"

"भरली."

"कुणी?"

"मीच," ताई पुटपुटली. "म्हटलं, तुमचं चाक..."

धाकटीला वाटलं, आता हे खुर्ची वळवणार आणि घरी जाणार. पण दाजी खो खो हसत सुटले. "अगं, प्लास्टिक उन्हात फुगतं म्हणून दहा वर्षं माझं डोकं खाल्लंस! एकदा दोन बोटं कमी सोडली, तर आठवडाभर बोलली नव्हतीस माझ्याशी!"

"हसताय काय! कडेला चाक गेलं तर?"

"ते मी बघतो. तू फरशी बघ."

ताई उठली. तिने आणि लांब्याने भिंतीकडच्या आणि पायऱ्यांकडच्या कापलेल्या पट्ट्या भराभरा उपसल्या. शेवटची पट्टी निघाली आणि फरशी सुस्कारा सोडावा तशी खाली बसली. पण मधल्या काही खुंट्या सुटल्या होत्या. कुठल्या, ते डोळ्यांना दिसेना. दाजींनी खुर्ची थेट फरशीवर घातली. एकेका ओळीवरून हळूहळू चाक फिरवत, कान देत निघाले. "इथे बसका आवाज. पुढची ठीक. ही परत दाब." ताई त्यांच्यामागून गुडघ्यांवर सरकत होती. टक्. टक्. दोघांची ती जोडी बघून सेक्रेटरींनी पोत्यांचं नाव पुन्हा काढलं नाही. तीन वर्षं घराबाहेर न पडलेला माणूस भर पटांगणात मनसोक्त फिरतोय, हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात नव्हतं.

सामना वेळेवर सुरू झाला. दाजी एकदा आपटलेच. समोरच्याची खुर्ची आडवी आली. सगळे उभे राहिले. पडल्यापडल्या त्यांनी लादीवर थाप मारली आणि ओरडले, "फरशीची चूक नाही!" त्यांचा संघ चांगला सणसणीत हरला.

पुढे दाजी अकरा वर्षं खेळले आणि नंतर नवख्यांना शिकवत राहिले. लांब्याने स्वतःचा धंदा काढला. चार बोटांसाठी तो आता आपल्या माणसांवर ताईसारखाच खेकसतो. सेक्रेटरी दरवर्षी पाहुण्यांना सांगत, वाळूच्या पोत्यांची कल्पना आपण वेळीच सोडून दिली. गुडघे गेल्यावर ताई स्टुलावर बसून नुसती ऐकायची आणि बसकी लादी बिनचूक दाखवायची. परवाच्या थंडीत ती गेली. सामन्याच्या दिवशी कापलेली एक निळी पट्टी धाकटीच्या स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाखाली आहे. टेबल अजून हललेलं नाही.