काठीची पाळी

खुशालराव माणसांचा हिशेब तोंडपाठ ठेवत. कोणाच्या बैलानं कोणाची तूर खाल्ली, कोणाच्या लग्नात कोण जेवून आहेर न करताच उठलं, ते त्यांना विचारावं. त्यांच्या स्वतःच्या नावावर मात्र या हिशेबात कधी काही निघालं नव्हतं.

त्यांचं गाव हिवरखेडच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाची ई-क्लासची टेकडी आहे, म्हणजे कोणा एकाची नाही, साऱ्यांची. तिच्यावर सीताफळाचं रान. दसरा होऊन पारावर बैठक बसेपर्यंत टेकडी बंद. खुशाल गवत कापा, शेळ्या चारा, पण फळाला हात लावायचा नाही. कारण एकानं आधी तोडलं की दुसऱ्याला घरी बसवत नाही, आणि मग कच्च्या फळांनीच टेकडी रिकामी होते.

राखणीला पगारी माणूस नव्हता. एक सागाची काठी होती. ती रोज संध्याकाळी पुढच्या घराच्या दाराशी टेकवायची. ज्याच्या दाराशी काठी, त्याची दुसऱ्या दिवशी राखण. दिवस मावळला की त्यानंच पारावर उभं राहून सांगायचं, आज कोण भेटलं. सापडेल त्याला दंड एकच, साऱ्या गावाला गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे. वरण, वांग्याची भाजी आणि तुपासकट.

दंडाची कल्पना खुशालरावांचीच. आणि मागच्या वर्षी नियम राखायला तेच सगळ्यांत पुढे होते. रऊफभाईंची लेक नगमा बाळंतपणाला माहेरी आली होती. रऊफभाई पारावर येऊन म्हणाले, "दोन फळं तोडू द्या भाऊ, पोरीले डोहाळे लागले."

बाकीचे 'घेऊन जा' म्हणणारच होते. खुशालराव उठले. "आज डोहाळे, उद्या पाहुणे, परवा ताप! नियम मंजी नियम."

रऊफभाई शेळ्या घेऊन गेले. टेकडी उघडली तोवर नगमाचं पोरगं पाळण्यात होतं.

यंदा खुशालरावांच्या आकांक्षाला सातवा महिना लागला. अमरावतीहून तिचा फोन आला, "बाबा, मले सीताफळ खावं वाटून राहिलं. बाजारातलं नाही, आपल्या टेकडीचं." जावई कुलदीप भेटायला आलेला, सकाळी दहाच्या बसनं परत जाणार. पारावर मागायचं म्हणजे रऊफभाईंच्या तोंडासमोर मागायचं. त्यापेक्षा जीभ चावून घेतलेली बरी.

आणि नेमकी त्याच संध्याकाळी काठी त्यांच्या दाराशी आली. खुशालरावांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. राखणारे आपण, सांगणारेही आपणच. धरणार कोण?

सकाळी उजाडता उजाडता ते एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन निघाले. डोळे उघडलेली, बोटाला किंचित दबणारी मोजकी फळं तोडली, वर हिरवं गवत दाबलं आणि घाईघाईनं उतरू लागले. अर्ध्या वाटेवर रऊफभाई आणि त्यांच्या शेळ्या.

"सलाम भाऊ! आज पाळी तुमची काय?"

"हो ना. सारं बरोबर हाय वर."

"पिशवीत काय?"

"गवत. वासराले."

आता शेळी सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाही, म्हणून तर त्या टेकडीवर ही झाडं टिकलीत. पण कोवळं गवत कोणी तिच्या नाकासमोरून मिरवत नेलं तर ती सोडत नाही. रऊफभाईंची काबरी शेळी पुढे झाली, पिशवीत तोंड घालून तिनं एक घास ओढला. मग दुसरा. खालून हिरवीगार सीताफळं वर पाहू लागली.

रऊफभाईंनी वाकून बघितलं. "भाऊ, तुमच्या वासराचं गवत मोठं गोल गोल हाय!"

खुशालराव काठीला रेलले. "आकांक्षासाठी नेऊन राहिलो."

"कितवा?"

"सातवा."

रऊफभाईंनी शेळीला मागे ढकललं, मूठभर गवत उपटून पिशवीत परत नीट दाबलं. "जा मंग. बस चुकीन जावयाची."

"संध्याकाळी सांगशीन काय तू?"

"मी काहून सांगू? काठी तुमच्या हातात हाय. कोण भेटलं ते तुमीच सांगा."

याच्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर खुशालरावांना सोपं गेलं असतं.

फळं बसनं गेली. दुपारी आकांक्षाचा फोन आला, "बाबा, एकदम गोड निघाले! यंदा टेकडी लवकर उघडली काय?" "हो, हो," खुशालराव म्हणाले, आणि त्यांच्या नावावर आणखी एक बाब चढली.

संध्याकाळी पारावर बैठक चालवणाऱ्या देवमननं नेहमीसारखं विचारलं, "हं भाऊ, कोण भेटलं?"

'कोणी नाही' एवढंच म्हणायचं होतं. समोर रऊफभाई दातात काडी घालून आभाळाकडे बघत होते, जणू तिथं काही लिहिलेलं होतं. खुशालरावांनी दोनदा खाकरून घेतलं.

"भेटला एक."

"कोण?"

"मी."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग जो हशा उठला, त्यात वडावरची वटवाघळं उडाली. पदर तोंडाला लावून माणिकबाई ओरडली, "नियम मंजी नियम, भाऊ!"

"दंड कबूल," खुशालराव म्हणाले. "पण आता पोटुशी पोरीसाठी कोणी मागितलं, तर पारानं नाही म्हणू नये."

देवमननं रऊफभाईंकडे पाहिलं. त्यांनी काडी काढली. "मंजूर. पण नगमाचं मागच्या सालचं बाकी हाय. तिचा पोरगा आता चालून राहिला. यंदा पहिलं फळ त्याच्या हातानं तोडा."

तेही ठरलं.

घरी येऊन खुशालराव बायकोला, गोदाबाईला, चाचरत म्हणाले, "गहू दळा लागतीन. वांगेही..."

"वांगे सांगून ठेवले सकाळीच," गोदाबाई चूल सारवताना म्हणाली. "राखणीले जाणारा माणूस पिशवी काहून नेते, एवढं समजत नाही काय मले?"

रोडग्यांच्या पंगतीत खुशालराव तूप वाढत फिरले. रऊफभाईंच्या ताटापाशी आले आणि जुनी सवय सुटेना.

"चौथा हाय हा, रऊफभाई!"

"बरोबर हाय हिशेब," रऊफभाई रोडगा फोडत म्हणाले. "दोन माह्ये, दोन नगमाचे. तूप वाढा."