तेराशे वीस मेगाहर्ट्झ

आमच्या घरातला कॉम्प्युटर मला घाबरायचा. फुशारकी म्हणून सांगत नाही, पुरावा आहे. मी समोर बसले की तो तासन्‌तास सरळ चालायचा, आणि मी क्लासला गेले की पाठीमागं मान टाकायचा. घरात दरारा असलेलं पहिलंच माणूस मी, ते पण दहावीत जायच्या आधी.

पप्पा मुहूर्त मानत नाहीत, पण कॉम्प्युटर आणला तो बरोबर चौदा एप्रिललाच. उचगावच्या घरातली मधली खोली, वर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, त्याखाली टेबल, आणि टेबलाखाली भिंतीकडं पाठ करून मशीनचा डबा. होता सेकंडहँडच. नाक्यावरच्या बाळासोंनी जोडून दिलेला. "महिन्याभरात पटलं न्हाई तर परत आणा, पावणं," असं ते पप्पांना म्हणाले होते. एवढ्या मोठ्या व्यवहारातलं पप्पांनी नेमकं तेवढं एक वाक्य पाठ केलं.

उन्हाळी बॅचला माझ्या मागच्या बाकावर विजयसिंह घाटगे बसायचा. त्यानं विचारलं, "तुमचा कितीचा?"

"अकराशेचा."

"अकराशे मेगाहर्ट्झ? त्यावर काय, पत्ते खेळताय?" त्याचा नवाकोरा, तेराशेचा.

मी त्या दिवशी क्लासमधून थेट सायबर कॅफेत गेले आणि ओव्हरक्लॉकिंग शिकून घरी आले. म्हणजे कंपनीनं प्रोसेसरचा जो वेग ठरवलाय, त्यापेक्षा त्याला जास्त पळवायचं. कॉम्प्युटर सुरू होताना बायोस नावाचं सेटिंगचं निळं पान उघडता येतं. तिथं मी शंभरचा एक आकडा एकशे वीस केला. बस्स, एवढंच. मशीन चालू झालं आणि पडद्यावर आलं: तेराशे वीस. विजयसिंहपेक्षा वीस जास्त! ही वीस कशाला लागतात हे मला कुणी विचारू नये. मी पण विचारलं नव्हतं.

पप्पा एष्टीत ड्रायव्हर. त्यांना हे सगळं एका वाक्यात समजलं.

"म्हणजे स्पीड लॉक तोडलास. आमच्या गाडीचं तोडलं तर काय हुतंय म्हाईत हाय?"

"लवकर पोचतीय."

"व्हय. डेपोत पोचतीय. टोचन लावून."

मशीन टिकतंय का हे बघायला मी त्याला एक अवघड गणित घालून ठेवायची. आपोआप चालणारं, न संपणारं. पप्पांची थोरली बहीण आक्काताई, म्हणजे माझी आत्ती, आमच्याकडंच राहते. ती दारात उभी राहून बघायची.

"काय करतंय त्ये?"

"गणित सोडवतंय."

"कुणी घातलंय?"

"मीच."

"मग तू काय करतीस?"

आत्तीशी बोलून उपयोग नसतो.

सकाळभर मी समोर, गणित मस्त. अकराला क्लासला जायचं, दुपारी यायचं, तर पडदा गोठलेला. रोज. आई दवाखान्यात ड्युटीला, पप्पा गाडीवर, घरात एकटी आत्ती. ती माउसला उंदीर समजून शिवत नाही. त्यामुळं संशय घ्यायला माणूसच शिल्लक नव्हतं.

मग मी शास्त्रीय पद्धतीनं मागं लागले. वेग वाढवला की प्रोसेसरला विजेचा दाब थोडा जास्त लागतो, म्हणून दाब एक पायरी वाढवला. मशीन आणखी लवकर गोठलं, पडद्यावरचं घड्याळच तसं थांबलेलं. मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली. तेच. बाळासोंकडनं पांढरी पेस्ट आणून प्रोसेसर आणि त्याच्या पंख्याच्या मधे नव्यानं लावली. तेच. बाळासो म्हणाले, "तापत आसंल." मी म्हणाले, "माझ्यासमोर कसं तापत न्हाई मग?" ते पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले. शेवटी डब्याची एक बाजूच उघडी ठेवून क्लासला गेले. आले तर बाजू बंद, स्क्रूसकट.

"पाल गेली आसती आत," आत्ती म्हणाली.

ते दोन आठवडे सगळे ढगाळ होते. उन्हाचा पत्ता नाही. शेजारच्या झुंबरबाईंचे डाळीचे सांडगे वाळेनात, आंबून वास मारायला लागले. आमच्या आत्तीचे मात्र खडखडीत. रोज जेवताना तळलेले सांडगे ताटात, आणि पप्पा म्हणायचे, "आक्काच्या हाताला ऊनबी लागत न्हाई." मीही आमटीभाताबरोबर सहा-सात कुरकुरीत सांडगे चावत चावत विचार करायचे की दाब अजून एक पायरी वाढवावा का.

घोटाळा झाला तो शुक्रवारी. पप्पा दुपारी लवकर आले आणि मशीनवर पत्ते खेळत बसले. विजयसिंहला हे कधीच कळता कामा नये. डाव लागत आला, चार-पाच पानं उरली, आणि पडदा गोठला. मी क्लासवरून आले तेव्हा ते अजून एक्क्याकडं बघत बसले होते.

"परवा रविवार, माझी सुट्टी हाय," ते म्हणाले. "तू क्लासला गेल्यावर दुपारपातूर ह्ये चाललं तर ऱ्हाईल. न्हाईतर सोमवारी बाळासोकडं."

"पप्पा, मी बसल्यावर चालतंय की!"

"मग तुलाबी घिऊन जाऊ दे बाळासोनं."

आत्ती मधेच म्हणाली, "ऱ्हाऊ दे की रं. घरात ऊबदार वाटतंय." माझी बाजू घेणारं कुणीतरी आहे म्हणून मला भरून आलं.

रविवारी सकाळी मी बायोस उघडलं आणि बराच वेळ त्या एकशे वीसकडं बघितलं. वेग ठेवला तर मशीन जाणार. मशीन गेलं तर मी पुन्हा सायबर कॅफेत तासाच्या हिशोबानं. मी एकशे वीसचं शंभर केलं, दाबही होता तिथं आणला. अकराशे. गणित लावलं आणि क्लासची टेस्ट द्यायला गेले. विजयसिंहकडं बघितलंसुद्धा नाही.

परत आले तर गणित चालू! पप्पा समोर खुर्चीत. त्यांनी ओळखलं.

"लॉक लावलंस न्हवं?"

"व्हय."

"शहाणी हाईस. ऱ्हाऊ दे मशीन."

मी उडीच मारणार होते, तेवढ्यात आत्ती टेबलाखालनं बाहेर आली. खरंच, टेबलाखालनं. हातात परात आणि चेहरा असा की घरात चोरी झालीय.

"अक्षे, काय केलंस मशीनला? आज त्येला धगच न्हाई! माझं सांडगं बघ, मऊ पडल्यात सगळं!"

मी खाली वाकले. डब्याच्या मागं, जिथनं पंख्याची गरम हवा बाहेर पडते, बरोबर तिथं परातीची जागा. ऊब वाया जाऊ नये म्हणून वरनं आत्तीचं जुनं लुगडं, डब्याला चारी बाजूंनी खोचलेलं. मशीन दोन आठवडे घोंगडी पांघरून पळत होतं.

"रोज ठेवत होतीस?"

"तू गेलीस की. तू यायच्या आत काढत हुतो. तुझ्या अभ्यासाला अडचण नगो."

मी पप्पांकडं बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. त्यात काय?" पप्पा म्हणाले. "मीबी इंजनाच्या बॉनेटवर डबा गरम करतोय की."

म्हणजे मी वेग वाढवायचे, मशीन तापायचं, सांडगे चांगले वाळायचे, म्हणून आत्ती लुगडं आणखी घट्ट खोचायची, मशीन गोठायचं, आणि मी विजेचा दाब वाढवायचे. यात कॉम्प्युटर नेमका कुणाला घाबरायचा, हे मी तुम्हाला सांगत बसत नाही.

मी लुगडं काढलं, परात वीतभर लांब सरकवली, एकशे वीस पुन्हा टाकलं. गणित लावलं आणि मुद्दाम अंगणात जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत मशीन एकदाही अडखळलं नाही. सांडगेही वाळले, जरा उशिरा. पप्पांनी एक उचलून चावला, कान देऊन त्याचा आवाज ऐकला, आणि नाक्यावर जाऊन बाळासोंना सांगून आले, "मशीन परत देत न्हाई. आमच्या आक्काचं हाय त्ये."

माझं नाव त्यात कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला निघाले, तर दारात झुंबरबाई. हातात ताट, ताटात ओल्या कुरडया.

"अक्षता, आज मशीन कितीवर हाय गं?"

मी तोंड उघडायच्या आत आतनं आत्ती बाहेर आली. तिनं एक कुरडई उचलून बोटानं दाबून बघितली.

"हाय तेराशे इसावर. पर तुझी कुरडई जाड हाय, झुंबर. हिला चौदाशे लागंल." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "लाव गं. क्लासला जा मग."