फ्लेक्सवरचं फाटक

प्रतीक्षाचं, माझ्या नातीचं, मोर्शीला लग्न झालं ते २०२३ साल. त्याच उन्हाळ्यात देवीदासभाऊंच्या पोराला, अश्विनला, आपल्या कुंपणाचा एकाएकी पुळका आला.

अमरावतीत कॅम्पाकडे त्यांचं जुनं घर. भोवती घडीव लोखंडाचे गज, फाटकावर द्राक्षाचे वेल. एक पान दुसऱ्यासारखं नाही, सगळी हातोड्यानं ठोकलेली. बाहेर गजांना पाठ लावून मी भाजी विकायची. आत देवीदासभाऊ खुर्चीत. बायको गेलेली, एक पाय लुळा. रस्ता हाच त्यांचा संसार. ऑटोवाले, क्लासची पोरं, सगळ्यांशी गजांतून बोलणं.

"माणिकबाई, मेथी हाय का गवत?"

"तुमाले काय फरक पडते, भाऊ? सून दोन्ही सारखंच रांधते."

खोकला येईपर्यंत हसायचे.

अश्विनचा कोचिंग क्लास. कोण्या समारंभात पुण्याच्या पाहुण्यानं त्याला सांगितलं, असं लोखंडी काम आता कुठं मिळत नाही. झालं. ज्यानं जन्मात त्या गजांवर रंगाचा हात फिरवला नाही, तो वारशावर भाषणं देऊ लागला. लोकांच्या हातांच्या घामानं लोखंड गंजतं म्हणे. माणसं आणून त्यानं बाहेरून सगळं कुंपण हिरव्या पत्र्यांनी झाकून टाकलं, फाटकासकट. जायला-यायला मागचं दार.

मग त्याला सुचलं की झाकलेला वारसा दिसणार कसा? म्हणून कुंपणाचाच फोटो फ्लेक्सवर छापून पत्र्यांवर ठोकला. कोपऱ्यात हा स्वतः, काळा चष्मा, जोडलेले हात, खाली क्लासचा फोन नंबर. लोक येऊन त्या फ्लेक्ससमोर फोटो काढायचे. अकलेचा असा दुष्काळ मी पाहिला नव्हता.

पत्र्याआडून आवाज यायचा.

"माणिकबाई, हाय का तिकडं?"

"हाव, भाऊ."

"कोन चाललं वो रस्त्यानं? मले काईच दिसत नाई."

मी दिसेल ते सांगायची. पण सांगितलेला रस्ता कोणाला पुरतो? शेवटी अश्विनला धरलं. "एक पत्रा काढ बाप्पा. त्याईले रस्ता दिसू दे."

"मावशी, शंभर वर्षांची वस्तू आहे. जपावी लागते."

"अन् तुहा बाप? तो ब्यांशीचा हाय."

तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत केली.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको रश्मी आली. "मावशी, इथं बसू नका. लोकांच्या फोटोत तुमची टोपली येते." मी टोपली उचलून पुढच्या चौकात गेले. भाऊंची हाक ऐकणारं तेवढंच एक माणूस होतं, तेही गेलं.

दिवाळीच्या आदल्या रविवारी वारसा जपल्याबद्दल अश्विनचा अकोल्यात सत्कार होता. नवराबायको दोघं गेली. इकडं देवीदासभाऊ खुर्चीतून पडले. काठीनं फाटक वाजवत राहिले. समोरच्या दुकानदारांनी ठोकठोक ऐकली. फाटकाचं काम चालू असेल, असं वाटून कोणी उठलं नाही. गज उघडे असते तर अर्धा रस्ता धावला असता.

शाल-श्रीफळ घेऊन दोघं परतली तेव्हा आवाज थांबला होता.

देवीदासभाऊ ५ नोव्हेंबर २०२३ ला, दुपारी, फाटकाच्या आतल्या बाजूला वारले.