आमच्या घराण्याची नजर

माझ्या सासरी चष्म्याचं दुकान आहे आणि घरात चष्मा लावणारी मी एकटी आहे. लग्न ठरताना सासूबाईंनी माझ्याकडे बघून जो सुस्कारा सोडला, तो मी अजून विसरलेले नाही. "मुलगी चांगली आहे," त्या म्हणाल्या, "पण चष्मा आहे." हे बोलताना त्यांच्या पाठीमागे चष्म्यांनी खच्चून भरलेली कपाटं होती. मी तिकडे नजर टाकली तेव्हा त्यांनी लगेच खुलासा केला, की आमच्याकडे चष्मा विकायला असतो, लावायला नाही.

ही शिकवण आजेसासऱ्यांची. दुकान त्यांनी काढलं. त्यांचा भला मोठा फोटो तपासणीच्या खोलीत अगदी छताजवळ लावलेला आहे, आणि तिथून ते सगळ्यांवर लक्ष ठेवून असतात. आपल्या घराण्याची नजर घारीची आहे, असं ते म्हणायचे. मग सासरे म्हणायला लागले, मग माझा नवरा. सासऱ्यांचं म्हणणं असं, की डॉक्टरच खोकत बसला तर पेशंट त्याचं औषध कशाला घेईल? मी एकदा म्हटलं, चष्मा लावलेला माणूस चष्मा विकतोय हे बघून गिऱ्हाइकाला उलट धीरच येईल. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुझं माहेर किराणावालं."

आता या घारींबद्दल सांगते. सासरे एकदा दुकानातल्या कोटाच्या स्टँडला "बसा, आलोच" म्हणाले, आणि आत जाऊन दोन कप चहा सांगितला. नवरा पेपर नाकाला चिकटवून वाचतो, कारण त्याच्या मते हल्ली छपाई फिकी झाली आहे. भर रस्त्यात त्याने एका परक्या बाईच्या हातात भाजीची पिशवी दिली आणि "तू पुढे हो" म्हणाला. मी मागे दोन पावलांवर होते. सासूबाईंच्या मते आजकालच्या सुयांना नेढंच नसतं. एक मात्र कबूल करायला हवं, हातभर अंतराच्या आतलं काम बापलेकांनी करावं आणि आपण बघत राहावं. काच घासणं असो की नखाएवढा स्क्रू बसवणं, चूक शोधून सापडणार नाही. अडचण हातभर अंतराच्या पलीकडच्या जगाची होती, आणि त्या जगात त्यांचं फारसं काम नव्हतं.

आमची मुलगी मात्र त्याच जगात राहत होती. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती घरभर फिरते आणि प्रत्येक दाराला धडकते. शाळेतल्या बाईंची तक्रार होती, की फळ्यावरचं उतरवून घेत नाही, विचारलं की भलतंच सांगते. आधी त्यांनी तिला मागच्या बाकावर पाठवलं. तिथे ती आणखी भलतं सांगायला लागली. शेवटी त्यांनी मला बोलावून सांगितलं, की सोमवारपासून तिला खालच्या वर्गात बसवतो, तिची समज अजून कमी आहे.

त्या दिवशी मी भिंगरीची वेणी घालत होते. ती आरशाकडे न बघता म्हणाली, "आई, मी मठ्ठ आहे ना?" रडत नव्हती. आज बुधवार आहे ना, असं विचारावं तशी विचारत होती.

तुम्ही म्हणाल, घरात दुकान असून पोरीचे डोळे का नाही तपासले? तपासले की. मीच हट्ट धरला होता. सासऱ्यांनी तिला खुर्चीत बसवलं, भिंतीवरच्या तक्त्यासमोर, आणि कार्टीने वरच्या ढबोल्या अक्षरापासून खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत सगळं धाडधाड म्हणून दाखवलं. सासऱ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मान खाली घातली. शिवाय माझ्या डोक्यात माहेरून आलेलं एक वाक्य खुंटा मारून बसलं होतं: आपल्याकडच्या पोरी वेंधळ्याच. माझ्या आईने हे मला सांगितलं, तिच्या आईने तिला. म्हटलं, पोर माझ्यावर गेली. सासरच्यांनीही ते ताबडतोब मान्य केलं.

तर, रविवारी दुकानाचा वाढदिवस होता. त्या दिवशी घरातले सगळे तपासणीच्या खोलीत जमतात, मागच्या भिंतीला टेकून उभे राहतात आणि एकेकाने समोरचा तक्ता वाचायचा असतो. आजेसासऱ्यांच्या फोटोसमोर, त्यांना समाधान वाटावं म्हणून. सासूबाई वाचत नाहीत. त्या वाचणाऱ्याकडे कौतुकाने बघतात आणि शेवटी "वा" म्हणतात. मला कुणी वाचायला सांगत नाही. माझ्याकडे चहाचा ट्रे असतो.

यंदा दुकानाला रंग देणं चाललं होतं. रंगारी सकाळपासून आत होता, पण म्हणून रिवाज थोडाच मोडायचा? सासऱ्यांनी त्याला जरा वेळ बाहेर जायला सांगितलं आणि सगळे ओळीने उभे राहिले.

"भिंगरी, तू आधी," सासरे म्हणाले.

"ग," भिंगरी म्हणाली. "म प. र ल न."

मी ट्रे घेऊन आत आले आणि समोर बघितलं. भिंतीवर तक्ता नव्हता. रंग द्यायचा म्हणून रंगाऱ्याने तो काढून नेला होता. जिथे तो वर्षानुवर्षं होता, तिथे मळकट भिंतीवर एक पांढरा चौकोन तेवढा उरला होता. आणि माझी लेक त्या चौकोनावरून एकेक ओळ वाचत खाली येत होती.

मला कळलं. तक्त्यातली ओळ न् ओळ सासरे तिला पाळण्यात असल्यापासून म्हणून दाखवत होते. घरात अंगाई तीच होती. नवराही तीच ऐकून झोपला होता, आणि बहुतेक सासरेही.

मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात नवरा पुढे झाला. त्याने डोळे बारीक केले, घसा साफ केला आणि तो चौकोन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी तोंड मिटलं. सासऱ्यांचं होऊन जाऊ दे, म्हटलं.

सासरे छाती काढून उभे राहिले. त्यांनी सावकाश वाचलं, प्रत्येक अक्षराला मान देत. शेवटच्या ओळीत त्यांनी एके ठिकाणी थांबून भुवया आक्रसल्या आणि म्हणाले, "हे जरा पुसट झालंय. रंगाऱ्याला तक्ता नीट पुसायला सांगा."

"वा," सासूबाई म्हणाल्या.

दारातून रंगारी आत आला. त्याच्या काखेत तक्ता होता. "पुसलाय, साहेब," तो म्हणाला. "रंग होईपर्यंत कुठे ठेवू?"

नवरा पांढऱ्या चौकोनाजवळ गेला आणि त्याने भिंतीवरून हात फिरवला.

"पाठ आहे म्हणजे दिसत नाही, असं होत नाही," सासरे म्हणाले.

"बरोबर," मी म्हटलं. "मग समोरच्या दुकानाची पाटी वाचा. ती पाठ नसेल."

मी असं कधी बोलत नाही. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ट्रे खाली ठेवला. "उद्या ते भिंगरीला खालच्या वर्गात बसवणार आहेत, बाबा. आधी तिचं बघा. मग काय हवं ते म्हणा."

सासरे कपाटाकडे वळले. मग त्यांनी काचा बदलता येतात ती जड गोल फ्रेम काढली, भिंगरीच्या नाकावर ठेवली आणि एकेक काच बदलत गेले. ती दारातून रस्त्यापलीकडे बघत होती. काही काचांना ती नाही म्हणाली. मग एका काचेला काहीच म्हणाली नाही. तिने समोरची पाटी वाचली, पाटीखालचा फोन नंबर वाचला, आणि त्या दुकानाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाचं एक बटण तुटलंय हेही सांगितलं. सासऱ्यांचा हात तिच्या डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला.

भिंगरीने मान वर केली. फोटोकडे बघत म्हणाली, "पणजोबांच्या नाकावर खड्डे आहेत."

"फोटो धुताना पडलेले डाग आहेत ते," सासूबाई म्हणाल्या.

"नाही. दोन आहेत. दोन्हीकडे एकेक. आई चष्मा काढते ना, तेव्हा तिला असतात, तसेच."

तो फोटो पुसायचं काम माझं. लग्नाच्या पहिल्या वर्षीच ते खड्डे मला दिसले होते. सासूबाई म्हणाल्या डाग आहेत, आणि तेव्हापासून मी डाग पुसत आले. चष्मा लावून, बोटभर अंतरावरून. हसावं की रडावं ते मला कळेना.

सासरे रंगाऱ्याच्या घोडीवर चढले. आम्ही खालून घोडी धरली. त्यांनी फोटोला नाक लावलं. जवळचं त्यांना आमच्यापेक्षा चांगलं दिसतं, आणि नाकावरचे वळ ओळखण्यात तर त्यांचा हात कुणी धरणार नाही.

"जड फ्रेम," ते वरूनच म्हणाले. "वर्षानुवर्षं लावलेली." मग फोटोवरून बोट फिरवत, "फोटोपुरती काढली असणार."

ते खाली उतरले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ते कधी बसत नसत. त्या दिवशी बसले. रंगाऱ्याने अदबीने तक्ता त्यांच्यासमोर धरला.

"हा नको," सासरे म्हणाले. "हा मला पाठ आहे. सूनबाई, कपाटातून दुसरा काढ."

मी कोऱ्या घडीचा एक तक्ता काढला आणि पांढऱ्या चौकोनावर लावला. सासरे डोळे बारीक करून बघत राहिले. त्यांना पहिल्या अक्षरापुढे जाता येईना. भिंगरी तोंडावर ती अवजड फ्रेम सांभाळत त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी होती.

"आजोबा," तिने हळूच विचारलं, "म्हणजे तुम्हीपण मठ्ठ?"

सासऱ्यांनी नव्या तक्त्याकडे बघितलं, मग वर फोटोकडे.

"मी होतो," ते म्हणाले. "तू नाहीस."

भिंगरीने मान डोलावली, आणि त्यांना पुढची ओळ वाचून दाखवायला लागली.