ताफ्याच्या शेवटी

लव्हॉन कुबिचेकने सँडपेपरचा तुकडा बोटाला गुंडाळला आणि मायलोच्या मोटरसायकलच्या सांगाड्यावरचा रंग खरवडायला घेतला, तेव्हा मायलो सेडलाचेकने तोंड भिंतीकडे फिरवलं. गाडी त्याने अशी जपली होती की तिच्यावर माशी बसली तरी तो खिशातून रुमाल काढायचा.

"इकडे बघ तरी," लव्हॉन म्हणाली. "नाण्याएवढी जागा खरवडतेय. मागची पेटी सगळी प्लास्टिकची. अँटेनाला कुठे तरी लोखंड भेटायला नको? नाही तर रेडिओ बसवूनही तू मुकाच राहशील."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि तिने जीभ चावली. मायलो मात्र हसला. हसण्यात तो कधी अडखळत नसे.

एकतीस वर्षं टेलिफोन कंपनीच्या खांबांवर चढून लव्हॉन निवृत्त झाली होती. तेव्हापासून सलीन काउंटीत कुणाच्याही मोटरसायकलला रेडिओ बसवायचा असला की ती गाडी तिच्या गॅरेजात यायची. मजुरी म्हणून ती फक्त घरचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव घ्यायची, तेही खसखशीचेच. आणि गेली नऊ वर्षं, थंडी सरल्यापासून दर रविवारी, डझनभर गाड्यांच्या ताफ्याच्या पुढे तीच असायची. सगळे तिला कॅप्टन म्हणत.

पुढचा माणूस रस्ता दाखवतो. पण ताफा सांभाळतो तो शेवटचा. मोठ्या रस्त्यावर लेन बदलायची असली की पुढच्याने नुसतं विचारायचं. आधी शेवटची गाडी डाव्या लेनमध्ये शिरते, मागून येणाऱ्यांना थोपवून धरते आणि रेडिओवर सांगते, "लेन तुझी." मग पुढचा सरकतो, आणि त्याच्यामागे सगळी माळ. इतकी वर्षं शेवटी व्हर्जिल होता. या वसंतात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्याने गाडी विकून टाकली. त्याच्या जागी कोण, हा प्रश्न एप्रिलच्या बैठकीत निघाला तेव्हा सगळ्यांनी मायलोकडे पाहिलं, आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. गाडी त्याच्यासारखी कुणीच चालवत नव्हतं. नजर तर घारीची. पण ताफ्यात आल्यापासून सहा वर्षांत त्याने रेडिओला हात लावला नव्हता, कारण दोन शब्द बोलायचे तरी तो घामाघूम व्हायचा.

लोक वाईट नव्हते. उलट फार चांगले होते, आणि तिथेच घोळ होता. मायलोने शब्दाचं पहिलं अक्षर धरलं की उरलेलं वाक्य कुणी तरी प्रेमाने पुरं करून टाकायचं. चौकातल्या कॅफेत गोड मागवताना त्याने 'प' म्हटलं की पीच पायची बशी यायची. त्याला पेकनची, अक्रोडासारख्या मेव्याची, हवी असायची. सहा वर्षं तो निमूटपणे पीच खात होता.

तरीही लव्हॉनने त्याला विचारलं होतं. तो नाहीच म्हणणार, अशी तिची खात्री होती. पण मायलो तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि त्याने होकारार्थी मान हलवली. त्या क्षणी तिला इतकं हायसं वाटलं की तिने लगेच कॉफीचा कप तोंडाला लावला.

हायसं वाटण्याचं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. जानेवारीत ती बर्फावर घसरली होती, आणि तेव्हापासून तिची मान डावीकडे वळत नव्हती. डॉक्टरांनी एक्स-रेत मणका दाखवला होता आणि खांदे उडवले होते. आरशात मागचं दिसायचं, पण अगदी बाजूच्या लेनमधलं दिसत नसे. ते मान वळवूनच बघावं लागतं. ती हेल्मेट थोडं झुकवायची, म्हणजे मागच्यांना वाटावं की तिने पाहिलं. हे कळलं असतं तर त्यांनी तिला पुढून काढलं असतं. भांडून नव्हे. केक कापून, टाळ्या वाजवून, पाठीवर हात फिरवून. ऑगस्टमध्ये ब्लॅक हिल्सच्या डोंगरांत लांबच्या फेरीला जायचं होतं आणि तिला पुढे राहायचं होतं. त्यासाठी मागे असा माणूस हवा होता, ज्याच्या शब्दावर डोळे मिटून गाडी वळवता येईल.

"बोलायलाच हवं असं नाही हं," अँटेना उभा करता करता ती म्हणाली. "रेडिओची कळ दोनदा टिचकव. मी समजेन लेन मोकळी आहे म्हणून."

मायलोने मान डोलावली.

अँटेना जुळवायला तिने मीटर जोडलं, पहिल्या चॅनलवर काटा पाहिला, मग चाळिसाव्यावर, मग अँटेनाचं टोक केसाएवढं कापलं आणि पुन्हा पाहिलं. चार वेळा. मायलो खाली बसून तिचे हात बघत होता. बोलायची कळ व्हर्जिलच्या जुन्या गाडीची होती. डाव्या मुठीजवळ, अंगठ्याखाली. तिची स्प्रिंग लव्हॉनला जरा आळशी वाटली. नवी मागवू पुढच्या आठवड्यात, असं म्हणून तिने ती तशीच बसवली.

"झालं," ती म्हणाली. "आता तुझा श्वाससुद्धा दोन मैलांवर ऐकू येईल."

जूनच्या दुसऱ्या रविवारी बारा गाड्या हार्लनच्या तलावाकडे निघाल्या. पहिल्या तासात दोनदा लेन बदलली. दोन्ही वेळा लव्हॉनच्या कानात टिक टिक झालं, तिने हेल्मेट झुकवलं आणि ती सरकली. मग मोठा रस्ता सोडून ते मक्याच्या शेतांमधल्या अरुंद रस्त्याला लागले. रेल्वेच्या रुळांवरून सगळ्या गाड्या एकामागून एक दणकून गेल्या, आणि थोड्याच वेळाने तिच्या कानात कुणी तरी बोलू लागलं.

आवाज खालचा होता, संथ. एखादा ट्रकवाला असेल, असं तिला वाटलं.

"आर्डिस, मागच्या टायरात हवा कमी आहे गं. वळणावर शेपूट हलतंय तुझ्या गाडीचं. सावकाश. हां, अशी. शाब्बास. एल्डन, पुढच्याला एवढा चिकटू नकोस. पाठीमागे नॉर्मा बसलीय तुझ्या, बटाट्याचं पोतं नाही."

ताफ्यातल्या आर्डिसचं नाव ऐकून लव्हॉनच्या लक्षात आलं, हा मायलो आहे, आणि तिच्या गाडीचा वेग आपोआप कमी झाला. सहा वर्षांत मायलोची सलग तीन वाक्यं तिने कधी ऐकली नव्हती. हा माणूस एकटा असताना असा बोलतो! झऱ्यासारखा. आणि बोलतो ते आम्हा सगळ्यांशी. दर रविवारी, सगळ्यांच्या मागून, एकेकाचं नाव घेऊन.

तिने तिची कळ दाबून पाहिली. उपयोग नव्हता. रुळांवरच्या दणक्याने त्याची कळ दाबलेलीच राहिली होती. ती तशी असेपर्यंत त्याला कुणाचंच ऐकू जाणार नव्हतं, आणि त्याचं मात्र सगळ्यांना ऐकू येत होतं. अशा वेळी काय करायचं ते लव्हॉननेच सगळ्यांना शिकवलं होतं: पहिली मोकळी जागा दिसली की पुढच्याने ताफा थांबवायचा. डाव्या हाताला चर्चचं आवार आलं. प्रशस्त, सावलीचं. ते आलं तसं मागे पडलं. लव्हॉन थांबली नाही.

आरशात तिला दिसलं की एल्डनने वेग कमी केला आहे आणि पुढच्या गाडीपासून नीट अंतर सोडलं आहे. आजवर एल्डनने कुणाचं ऐकून वेग कमी केल्याचं तिला आठवत नव्हतं.

"आणि कॅप्टन," मायलोचा आवाज म्हणाला, "आजही मान आखडलेलीच आहे ना? हेल्मेट झुकवतेस नुसतं. बघत नाहीस. मार्चच्या पहिल्या फेरीपासून बघतोय मी. बैठकीत तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणणार होतो. जीभ कापून देईन पण रेडिओ लावणार नाही, असं घरून ठरवूनच आलो होतो. पण मग तू वळतेस आणि बाजूला ट्रक आहे, असं सारखं डोळ्यांपुढे येत राहिलं. तुझ्यासारखं कोण नेतं गं आपल्याला? तू पुढे हो. मागचं मी बघतो."

लव्हॉनचे कान तापले. रस्ता सरळ होता, तरी तिने मूठ घट्ट धरली. दहा जणांच्या कानात हे गेलं होतं. लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षा कितीतरी मोठं असं काही तरी वाटलं, इतकं की तिला समोरचं धूसर दिसू लागलं. मायलो पुढे दुसऱ्या कुणाच्या क्लचबद्दल बोलत होता.

तिठ्यावरच्या पेट्रोलपंपावर तिने ताफा आत घेतला. एरवी गाड्या थांबल्या की नुसता कालवा असायचा. आज सगळ्यांनी हेल्मेटं काढली आणि जो तो आपापल्या गाडीत काही तरी शोधू लागला. मायलो सर्वांत शेवटी आला. लव्हॉन सरळ त्याच्याकडे गेली आणि तिने पेचकसाच्या टोकाने कळ उचलली. टक् आवाज झाला.

"अडकली होती," ती म्हणाली.

मायलोचा चेहरा उतरला. "कि-कि-"

"छे रे, नुसती खरखर येत होती," एल्डन घाईने म्हणाला. "माझ्या सासूबाईंच्या घोरण्यासारखी."

कुणी हसलं नाही. मायलोची नजर एल्डनवरून पंपाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे आर्डिस गुडघ्यांवर बसून मागच्या टायरात हवा भरत होती. तो बघतच राहिला. गळ्यापासून लाली चढत चढत त्याच्या कपाळापर्यंत गेली, आणि त्याने हेल्मेटची वायर गाडीतून उपटून काढली.

"अकरा मैल," लव्हॉन म्हणाली. "खोटं नाही बोलणार तुझ्याशी. अकरा मैल आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मी थांबायला हवं होतं. चर्चचं आवार मुद्दाम सोडलं मी."

"क-का?"

"ऐकत राहावंसं वाटलं म्हणून." तिने पेचकस खिशात ठेवला. "इतकं चांगलं माझ्याबद्दल माझा नवराही कधी बोलला नाही. आणि माझ्या मानेचंही आता सगळ्यांना कळलंय. तेव्हा लाजायचंच असेल तर दोघं मिळून लाजू. रेडिओ नको असेल तर आत्ता काढून देते. इथून पुढे शेवटी एल्डन राहील."

"मी?" एल्डन म्हणाला. "मग पुढच्यांना देवच तारो."

मायलोने वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. नॉर्माने सगळ्यांना सँडविच वाटले. त्याने एक घेतला आणि दूर कुंपणापाशी जाऊन खाल्ला.

निघताना लव्हॉनला वाटलं होतं, कुणी तरी आता तिला बाजूला घेईल. पण ती पंपाच्या दुकानातून बाहेर आली तेव्हा गाड्या रांगेत लागल्या होत्या आणि सगळ्यांत पुढची जागा रिकामी होती. तिथे कुणी गाडी लावली नव्हती. तिने आपली गाडी तिथे नेली. मायलोने वायर परत जोडली की नाही, ते तिला इतक्या लांबून दिसत नव्हतं.

मोठा रस्ता लागला आणि पाच मैलांवर गवताच्या गंज्या लादलेला एक ट्रक पुढे आला. गोगलगायीच्या चालीने चालला होता. वाऱ्यावर गवताच्या काड्या उडून तिच्या काचेवर आपटू लागल्या. लव्हॉनने कळ दाबली.

"मायलो, डावी लेन हवी."

तिने टिक टिकसाठी कान दिले. काहीच आलं नाही. ट्रकची मागची फळी मोठी होत चालली. तिने वेग आणखी कमी केला आणि वाट पाहिली. मग कानात कळ दाबल्याचा आवाज आला, आणि त्यामागून एक श्वास.

"ल... ल..."

श्वास थांबला. पुन्हा सुरू झाला. दहा जणांच्या अंगठ्याखाली कळ होती आणि पुढचे शब्द दहाही जणांना पाठ होते. एल्डनलाही. कुणीही कळ दाबली नाही. जूनच्या उन्हात ताफा त्या ट्रकच्या मागे, त्याच्याच चालीने, मुकाट चालत राहिला.

"ल-लेन... तुझी," मायलो म्हणाला. मग बराच वेळ गेला, पण त्याने कळ सोडली नव्हती. "आणि क-कॅप्टन... म-मान नको वळवूस. म-मी बघितलंय."

लव्हॉनने झुकवायला घेतलेलं हेल्मेट सरळ केलं, समोर पाहिलं आणि गाडी डावीकडे घेतली.