रविवारची बंदूक

लग्न होऊन मी रोहण्यात आले तेव्हा माझी सवत आधीच घरात नांदत होती. तीही कपाटात, कुलपात. माझे दागिने मात्र तुरीच्या डाळीच्या डब्यात. सासऱ्यांनी रानडुकरांपायी परवाना काढून घेतलेली ती बावीस बोअरची जुनी रायफल. सासरे गेल्यावर परवाना ह्यांच्या, म्हणजे प्रभाकररावांच्या नावावर झाला. ह्यांनी तिनं डुकरं किती मारली म्हणाल तर एकही नाही. हवेत दोन बार काढायचे, डुकरं संत्र्याच्या बागेतून पळायची, आणि हे वाघ मारल्यासारखे घरी यायचे.

रविवारी तिची सरबराई असायची. ओसरीवर माझं जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर बाईसाहेब आडव्या. आधी गोळ्यांची मॅगझिन काढायची. मग बाजूचा खटका, म्हणजे चाप नव्हे, गोळी आत ढकलणारा, मागे ओढून धरायचा आणि उघड्या खाचेत करंगळी घालून नळीचं मागचं तोंड चाचपायचं.

"एक बार सुटला का दुसरी गोळी हे आपोआप नळीत ओढते," हे दर वेळी सांगायचे. "मॅगझिन काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं समजणारा, घरचंच माणूस गमावते."

नुसत्या त्यांच्या करंगळीनं भागायचं नाही. बंदूक माझ्याकडे करून म्हणायचे, "तू बी पाह्य." मी कणकेच्या हातांनी यायची, वाकून पाहायची, "रिकामी" म्हणायची. मी म्हटल्याशिवाय हे नळी पुसायच्या गजाला हात लावत नसत.

पुढचं सगळं मला पाहून पाहून पाठ झालं होतं. दात घासायच्या जुन्या ब्रशनं आतली काजळी काढायची, गजाला चिंधी लावून नळी पुसायची. आत शिलाई मशीनचं तेल, तेही थेंबभर. लाकडाच्या दस्त्याला मात्र जवसाचं. एकदा मी मोठ्या मनानं आतही जवसाचंच तेल चोपडलं होतं. ते वाळून डिंकासारखं झालं आणि खटका जागचा हलेना. करायला गेले सवतीचं भलं आणि नवरा माझ्याशी बोलायचा बंद झाला.

गेल्या दोन वर्षांत ह्यांच्या डोक्यातलं एकेक हरवत गेलं. आधी नावं गेली, मग वाटा गेल्या. शेजारच्या सुमित्राबाईंच्या घरी जाऊन आपलंच घर समजून जेवायला बसले. एके सकाळी मी चहा दिला तर हात जोडून म्हणाले, "बाई, तुमी कोणाच्या?"

मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. पण रविवार आला की ह्यांचे हात बिनचूक चालायचे. मॅगझिन, खटका, करंगळी, आणि "तू बी पाह्य." बायकोला विसरले, सवतीला नाही. राग यायचा, खोटं कशाला सांगू? तरी तेवढा वेळ माझा नवरा मला परत मिळायचा, म्हणून सोमवारपासूनच मी रविवारची वाट पाहायची.

आमचा गजेंद्र पिपरी मेघेला राहतो. तो आला की एकच विषय. "आई, गोळ्या मी जमा केल्या. आता बंदूकबी ठाण्यात देऊन टाकू. एखादी गोळी घरात कुठं राह्यली असंन तर?"

"त्यायची करंगळी चुकत नाई," मी म्हणायची. "बंदूक नेली तर माणसाजवळ राह्यलं काय, सांग मले?"

"आन् चुकली तर?"

"ज्या दिवशी चुकंन त्या दिवशी मीच फोन करीन तुले."

तो चपला घालायला उठला. मीही जिंकल्यासारखी उठले.

पोळा झाला, त्यानंतरचा रविवार. ह्यांनी लुगडं अंथरलं, मॅगझिन काढली, आणि सरळ गजच उचलला. नळीचं तोंड माझ्या पोटाकडे होतं.

"अहो," मी म्हटलं, "करंगळी?"

ह्यांनी हात वर केला. करंगळी उलटीसुलटी करून पाहिली. "काय झालं हिले?"

मी बंदूक हळूच काढून घेतली, बाजूचा खटका मागे ओढला, पाहिलं. आत काही नव्हतं. ओसरीवर आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं, आणि त्यातल्या एकाला कळलंच नव्हतं. मी तोंड शिवून बसले असते तर पुढचाही रविवार माझा होता. दुपारभर मी त्याच विचारात भाकरी घेऊन बसले. संध्याकाळी गजेंद्रला फोन केला. शब्द फुटेना. तो तिकडून म्हणाला, "कळलं आई. येतो मी."

ठाण्यात द्यायच्या आधी मी तिला स्वतः साफ केलं. कोणाकडे मळकी पाठवायची नाही, एवढा मान सवतीचाही असतो. आत मशीनचं तेल, दस्त्याला जवसाचं, नीट आठवून. गजेंद्रनं ती चादरीत गुंडाळून नेली तेव्हा हे गोठ्याजवळ उन्हात बसले होते. त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही.

रविवार आला. ह्यांनी लुगडं अंथरलं. कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग रिकाम्या लुगड्यासमोर येऊन मांडी घालून बसले. तो माणूस, ते लुगडं, मला बघवेना. मी आत गेले आणि माझ्या माहेरची शिलाई मशीन उचलून आणून त्यांच्यापुढे ठेवली.

ह्यांनी तिच्यावरून हात फिरवला. आडवी केली, खालची बॉबिनची डबी काढून बाजूला ठेवली. मी बाजूला उभी राहून पाहत होते. हळूच ह्यांची करंगळी त्या खाचेत गेली आणि आत चाचपत राहिली.

मग मशीन माझ्याकडे वळवून म्हणाले, "बाई, तुमी जरा पाह्यता काय? नेहमी आमच्या घरची पाह्यते. आज ते कुठं गेली, दिसूनच नाई राह्यली."

मी पदर तोंडाशी धरला, वाकले, पाहिलं.

"रिकामी," मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि त्यांनी ब्रश उचलला.