क्लॅरीकाकाचं झाड

एखाद्या झाडाचा दुस्वास करणारा माणूस आमच्या टॅलगुरा गावात मी एकटाच असेन. झाड एल्मचं आहे, आणि रोमा ट्रेझीजच्या घराण्याचं आहे. शनिवारी सकाळी ग्लेनिस पाहुण्यांना गावचा इतिहास दाखवायला निघाली की माझ्या पोटात दुखायला लागतं. पबच्या भिंतीवरची पुराची खूण, बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, गव्हाची उंच कोठारं, हे सगळं ती भराभर उरकते. मग सैनिकांच्या रस्त्यावर येते आणि थेट रोमाच्या झाडाखाली जाऊन उभी राहते, कारण सावली तिथे आहे. लोक टोप्या काढून घाम पुसतात आणि रोमाच्या काकाची, लेस ट्रेझीजची, गोष्ट ऐकतात.

आमचं झाड बरोबर समोर, पबच्या बाजूला. पहिलं महायुद्ध चालू असतानाच शाळेने ही झाडं लावली. गावातून गेलेल्या प्रत्येक पोरामागे एक झाड आणि खाली नावाची पितळी पट्टी. लेस आणि माझा क्लॅरीकाका एकाच ट्रेनने गेले. त्यांची रोपंही एकाच दिवशी मातीत गेली. आज रोमाच्या झाडाखाली नवरानवरी फोटो काढून घेतात आणि आमचं झाड पबच्या पत्र्यापर्यंतसुद्धा पोचलेलं नाही. खोड वाकडं, अर्ध्या फांद्या वाळलेल्या. दर शनिवारी कुणीतरी विचारतंच, "अरेरे, याला काय झालं?" ग्लेनिस म्हणते, "सगळीच काही नीट वाढत नाहीत," आणि पुढे सरकते. क्लॅरी हॉब्लीचं नावसुद्धा तिच्या तोंडून निघत नाही.

त्यात यंदा आमच्या गावच्या समितीने ठरवलं की या रस्त्यावर एक बाक आणि माहितीची पाटी बसवायची. एकच, एकाच झाडाखाली. मी चंग बांधला की ती पाटी हॉब्लींची होणार. रोज संध्याकाळी टाकी गाडीत टाकून मी आमच्या झाडाला पाणी द्यायला लागलो. खत घातलं, वाळक्या फांद्या छाटल्या. महिनेच्या महिने गेले. झाडाने एक पान जास्त दिलं असेल तर शपथ. आणि समोरचं ते थोराड झाड, भर दुष्काळात, हिरवंगार. मला संशय आला की ट्रेझीज मंडळींनी पूर्वी कधीतरी नळाची चोरटी जोडणी करून ठेवली असणार.

म्हणून त्या शनिवारी, ग्लेनिस यायच्या आधी, मी कुदळ घेऊन रोमाच्या झाडाच्या बुंध्याशी गेलो. दोन वितींचा खड्डा झाला असेल नसेल, मागून आवाज आला.

"पुरतोयस की उकरतोयस रे, नेव्ह?"

रोमा. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायची, तेव्हापासून आवाज तोच. एका हातात चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात पाहुण्यांसाठी लॅमिंग्टन केकचा डबा.

"पाईप शोधतोय," मी म्हणालो. कुदळ हातात असताना लपवणार काय. "तुम्ही लोक या झाडाला चोरून पाणी देता."

ती चिडली नाही. डबा खाली ठेवून एका मुळावर टेकली.

"द्यायचो की. पण चोरून कसलं, अख्ख्या गावासमोर. सोमवारी कपडे धुतले की आमची आजी ते पाणी दोन बादल्यांत भरून इथे आणायची. गिरणीच्या पलीकडून, चालत. लेसला पुरलं फ्रान्समध्ये. तिला तिथे कोण नेणार होतं? ती इथे यायची. हात थकले तेव्हा बादल्या माझ्या आईकडे आल्या, मग माझ्याकडे."

मी कुदळ खाली टेकवली.

"तुमच्या झाडाला कुणी पेलाभर तरी पाणी घातलं का?"

मी आठवून पाहिलं. आजीने नाही, बाबांनी नाही. उलट पबमधून झुलत बाहेर पडला की क्लॅरीकाका त्याच झाडावर लघवी करायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "घे लेका, वाढ." लहानपणी मला त्याची भयंकर लाज वाटायची.

"क्लॅरीकाका स्वतःच घालायचा अधूनमधून," मी म्हणालो.

रोमाला ते बरोबर कळलं. ती हसली आणि मग हसायची थांबली.

"कोण कशाला घालेल म्हणा. ज्याच्या नावाचं झाड, तो समोर पबात बसून बियर पीत होता. नेव्ह, तुला एक सांगू? तुझा काका लांबून दिसला की आजी रस्ता बदलायची. चर्चमध्ये तुझ्या आजीच्या शेजारी ती जन्मात बसली नाही. लोक म्हणायचे, शिष्ट आहे. शिष्ट कसली, जळायची ती तुमच्यावर. मरेपर्यंत जळली. मी बादली घेऊन आले की मला दाखवायची, ते बघ हॉब्लींचं झाड, कसं वाळून गेलंय. किती नशीबवान आहेत मेले."

मी खड्डा बुजवला. माती पायाने दाबली. या बाईच्या झाडाच्या नावाने मी इतकी वर्षं बोटं मोडत होतो आणि तिच्या घरात आमच्या खुरट्या झाडावर तिची आजी जन्मभर जळत होती. मला राग येईना आणि बरंही वाटेना.

समितीत बाकासाठी मतं घेतली तेव्हा मी रोमाच्या झाडासाठी हात वर केला. सावली तिथेच होती. आमच्या झाडाला पाणी घालणं मी त्या आठवड्यात बंद केलं.

बाक बसवल्यावरच्या पहिल्या शनिवारी ग्लेनिसच्या घोळक्यात मीही गेलो. पबसमोर आल्यावर गुलाबी टोपीतली एक बाई थांबलीच. "अरेरे, याला काय झालं?"

ग्लेनिसने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "काही झालं नाही. हा पोरगा घरी परत आला."

समोर नव्या बाकावर रोमा बसली होती. पाहुण्यांसाठी कपात चहा ओतत होती. तिने ते ऐकलं आणि कप भरून वाहायला लागला तरी मान वर केली नाही.